आधी आमसूल, मग ॲव्हिल, शेवटी ॲड्रिनॅलिन? हा क्रम उलटा करा

सोसायट्यांमध्ये आणि ट्रेकच्या ग्रुपसाठी मी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. 'जेवता जेवता एकाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, काय कराल?' असं विचारलं की पुण्यात उत्तरं ठरलेली असतात. आमसुलाचं पाणी चोळू, ॲव्हिल देऊ, जरा मोकळ्या हवेत फिरवून आणू, नाहीच उतरलं तर रिक्षा करू. ॲड्रिनॅलिनचं नाव कोणी काढलंच तर मागून आवाज येतो, 'ते हार्ट बंद पडल्यावर देतात ना?'

तसं नाही. अन्न, माशीचा दंश किंवा एखादं औषध यांची जोरदार ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, आली की पहिलं औषध ॲड्रिनॅलिनच. एपिनेफ्रिन हे त्याचंच दुसरं नाव. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळत असतो, घसा आणि श्वासनलिका आवळत असतात. या दोन्हींवर काही मिनिटांत काम करणारं औषध हे एकच. ॲव्हिल किंवा सेट्रिझिन खाज आणि गांधी कमी करतात, तेही अर्ध्या तासाने वगैरे. रक्तदाब आणि श्वास त्यांच्या हातात नाही. स्टेरॉइडचा असर दिसायला तर तास लागतात.

मी डॉक्टर नाही. खाली आकडे दिलेत ते चिठ्ठी वाचता यावी म्हणून. डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला तोच घ्यायचा.

टप्पा १: कागदावर काय लिहून घ्यायचं

पूर्वी कधी ॲलर्जीत धाप लागली असेल, चक्कर आली असेल, घसा आवळला असेल, किंवा अन्नाची ॲलर्जी आणि दमा दोन्ही असेल, तर ॲलर्जीच्या डॉक्टरांना सरळ विचारा: 'मी ॲड्रिनॅलिन जवळ बाळगू का?' हो म्हणाले तर तीन गोष्टी लिहून घ्या. डोस मिलिग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्येही, कुठल्या साधनाने द्यायचा, आणि दुसरा डोस किती मिनिटांनी.

साधनं दोन प्रकारची असतात.

तयार पेन: औषध आधीच भरलेलं, मांडीवर दाबलं की सुई टोचणारं, एपिपेनसारखं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. ज्यांच्याकडे असतं त्यांनी बहुधा परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेलं असतं. साधारण १५ ते ३० किलो वजनाला ०.१५ मिलिग्रॅमचं आणि त्यापुढे ०.३ मिलिग्रॅमचं. 'दादा येताना एक घेऊन ये' इतकंच सांगू नका. मिलिग्रॅम सांगा, आणि एक नाही, दोन मागवा.

ॲम्प्यूल आणि सिरिंज: १ मिलिलिटरची छोटी काचेची कुपी, तिच्यात १ मिलिग्रॅम औषध. स्वस्त आहे, पण प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. आधी फोन करून विचारा. मोठ्या हॉस्पिटलला लागून असलेल्या दुकानात मिळण्याची शक्यता जास्त.

डोसचा ढोबळ हिशोब किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर आणि धडधाकट माणसालाही अर्धीच कुपी.

*सावधान:* पूर्ण कुपी ओढू नका. मोठ्या माणसालाही तो दुप्पट डोस होतो.

*सावधान:* घरात आजोबांची इन्सुलिनची सिरिंज आहे म्हणून ती वापरू नका. तिच्यावर मिलिलिटर नसतात, युनिट असतात. आपल्याकडच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवरचे ४० म्हणजे १ मिलिलिटर. घाईत '०.३' शोधणारा माणूस तिथे हमखास चुकतो. शिवाय तिची सुई आखूड, औषध स्नायूत न जाता कातडीखालीच राहतं. १ मिलिलिटरची साधी सिरिंज आणि साधारण इंचभर लांबीची सुई मागा.

*तपासा:* डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतः सिरिंजमध्ये पाणी भरून नेमक्या रेघेवर थांबून दाखवलंत का? नसेल तर ॲम्प्यूल घरी आणूनही उपयोग नाही.

टप्पा २: डबी, आणि ती कुठे ठेवायची

डबीत दोन डोस, दम्याचा पंप असेल तर तो स्पेसरसह (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी), ॲव्हिलसारखी गोळी, आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद: नाव, वजन, ॲलर्जी कशाची, डोस किती, चालू गोळ्या कुठल्या, फोन कोणाला. कागद मराठीत का? कारण सुई देणारी व्यक्ती तुमची इंजिनिअर बहीणच असेल असं नाही. शाळेच्या व्हॅनमधल्या मावशी असतील.

ॲड्रिनॅलिनला ऊन, उजेड आणि गोठवण तिन्ही चालत नाहीत. साधारण २५ अंशांच्या आत, अंधारात, लेबलवर लिहिलंय तसं. एप्रिल-मे महिन्यात कर्वे रोडला दुपारभर उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघा, मग मी काय म्हणते ते कळेल. डिकी नको, गाडीचा डॅशबोर्ड नको, फ्रीझर तर मुळीच नको. पाण्याच्या बाटलीचं जाड कव्हर असतं ना, त्यात डबी नीट बसते.

ट्रेकला डबी त्या माणसाच्याच पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात हवी. लीडरच्या सॅकच्या तळाशी असेल आणि लीडर राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पोहोचला असेल, तर ती नसल्यासारखीच. शाळेत बाईंच्या कपाटात ठेवायची असेल तर त्या कपाटाला कुलूप नको.

तपासायचा दिवस ठरवून टाका. आमच्या घरी संकष्टीला चंद्राची वाट बघता बघता डबी उघडतात: मुदत बघायची, औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे का बघायचं. गुलाबी-तपकिरी छटा किंवा कण दिसले की बदलायचं. सिरिंज आधीच भरून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तिची मुदत कुपीपेक्षा बरीच कमी असते. ती तारीख वेगळी लिहा. ऐन वेळी हाताशी फक्त मुदत संपलेला डोस असेल आणि औषध स्वच्छ असेल, तर तोच द्या. काहीच न देण्यापेक्षा ते बरं.

जाता जाता एक. डबी आहे म्हणून शेंगदाण्याशी लपंडाव नको. पुण्यात 'उपवासाचं' म्हणजे निर्धोक असं समजणारे पुष्कळ भेटतात, आणि उपवासाच्या ताटात खिचडीपासून आमटीपर्यंत कूटच कूट असतं.

टप्पा ३: चालू गोळ्यांची यादी

हा भाग सगळे टाळतात, म्हणून इथे जरा थांबते. ॲड्रिनॅलिनचं काही औषधांशी पटत नाही. यादी आत्ता करायची, धाप लागल्यावर नाही.

बीटा ब्लॉकर: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. ब्लडप्रेशरसाठी, अर्धशिशीसाठी, कधी भाषणाआधी हात थरथरतात म्हणूनही घेतात. हे अंगात असेल तर ॲड्रिनॅलिनचा असर कमी पडू शकतो. प्रोप्रॅनोलॉलसारख्या प्रकारात रक्तदाब उसळून नाडी मंदही होऊ शकते. असर पडलाच नाही तर हॉस्पिटलमध्ये ग्लुकॅगॉन देतात, पण त्यासाठी त्यांना ही गोळी चालू आहे हे कळायला हवं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही याच जातीचे. 'गोळ्या कुठल्या चालू आहेत?' या प्रश्नाला थेंब कोणी सांगत नाही. सांगा.

रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांवर असताना ॲलर्जीचा झटका जास्त जोराचा येऊ शकतो. या गोळ्यांनी स्वतःच ओठ-जीभ सुजण्याचा प्रकारही होतो, म्हणून पूर्वी तसं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा.

ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या डिप्रेशनच्या गोळ्या, ज्या नसांच्या दुखण्यासाठी आणि अर्धशिशीसाठीही देतात, तसंच पार्किन्सनवरची सेलेजिलिन आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक: यांच्यासोबत ॲड्रिनॅलिनचा असर वाढू शकतो, छातीत धडधड आणि रक्तदाब जास्त चढू शकतो. थायरॉइडची गोळी आणि हृदयासाठीची डिगॉक्सिन असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. उलट प्राझोसिनसारखी रक्तदाबाची औषधं आणि मानसिक आजारावरची क्लोरप्रोमाझिन रक्तदाब वर आणण्याच्या कामात आड येतात. मधुमेह्यांची साखर काही वेळ वाढते.

आता महत्त्वाचं. ही यादी 'सुई देऊ नका' म्हणून नाही. ॲनाफिलॅक्सिस असेल तर हृदयरोग असो, वय सत्तर असो, यातली कुठलीही गोळी चालू असो, ॲड्रिनॅलिन द्यायचंच. यादी आहे ती हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या हातात द्यायला.

*सावधान:* हे वाचून ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत विचारा.

टप्पा ४: नुसतं पित्त, की ॲनाफिलॅक्सिस?

फक्त अंगावर गांधी, फक्त खाज, श्वास ठीक, बोलणं ठीक, चक्कर नाही: अशा वेळी ॲव्हिल चालेल, आमसूलही चोळा हवं तर. पण माणसाला एकटं सोडू नका आणि डबी हातात ठेवा.

अंगावरच्या लक्षणांच्या जोडीला खालचं एक जरी आलं की डबी उघडा:

- आवाज घोगरा होणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, जीभ सुजणं
- एकदम सुरू झालेला ढासून खोकला, धाप, छातीत शिट्टी वाजणं
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अंग गार आणि फिकं पडणं, लहान मूल अचानक मलूल होणं
- पोटात जोराची कळ, पुन्हा पुन्हा उलटी

दहातल्या एक-दोघांच्या अंगावर काहीच उठत नाही. ज्याची ॲलर्जी माहीत आहे ते पोटात गेलंय आणि पाच-दहा मिनिटांत धाप लागली किंवा अंधारी आली, तर गांधी शोधत बसू नका. बहुतेक झटके काही मिनिटांत येतात, काही दोन तासांपर्यंत.

दम्याच्या माणसांची गफलत इथेच होते. खाल्ल्यानंतर किंवा माशी चावल्यावर दम लागला की हात सवयीने निळ्या पंपाकडे जातो. पंप श्वासनलिका उघडतो, पण घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्याला आवरत नाही. म्हणून ॲलर्जीचा संशय असेल तर आधी ॲड्रिनॅलिन, मग पंप. धूळ, थंडी, सर्दी यांनी आलेला नेहमीचा दमा असेल तर मात्र पंपच: स्पेसरमधून एका वेळी एक पफ, चार-पाच श्वास, मग पुढचा, असे गरजेप्रमाणे दहापर्यंत, तरी आराम नाही तर हॉस्पिटल. दोन्हींपैकी काय ते कळत नसेल तर ॲड्रिनॅलिन द्या आणि मग पंप.

गडावर आग्या माश्या उठल्या तर आधी तिथून लांब जा. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर नखाने झटकन खरवडा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तो शोधण्यात वेळ घालवू नका.

टप्पा ५: आडवं करा, उभं करू नका

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. मंगल कार्यालय, पंगत, काकडीची कोशिंबीर. वाढपी म्हणाला, 'कूट नाहीये यात.' होतं. तिसऱ्या घासाला त्याने पाणी मागितलं, ओठाची एक बाजू फुगली होती. पाच मिनिटांत सात जणांनी सात उपाय सांगितले. कोणीतरी आत जाऊन आमसुलाचं पाणी करून आणलं, मी पर्समधली ॲव्हिल दिली. आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून सर्वांत वाईट गोष्ट केली: त्याला उलटीसाठी उभं करून बेसिनपर्यंत चालवत नेलं. बेसिनच्या अलीकडे दोन पावलांवर त्याचे गुडघे दुमडले. हात धरला होता म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. ॲड्रिनॅलिन मिळालं ते हॉस्पिटलात, कोशिंबिरीनंतर चाळीस मिनिटांनी. तो वाचला. मी मात्र त्यानंतर वर्ग घ्यायला लागले.

रक्तदाब उतरलेला असताना उभं केलं की रक्त पायांत साठतं, हृदयात परत येत नाही. म्हणून:

- जिथे आहे तिथेच आडवं करा, पाय उशीवर किंवा सॅकवर उंच करा.
- धाप जास्त असेल तर पाय लांब करून बसू द्या, पण खुर्चीत नको.
- उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. गरोदर बाईला डाव्या कुशीवर.
- लहान मुलाला खांद्यावर उभं धरून थोपटत फिरू नका. मांडीवर आडवं घ्या.

उलटीला बादली माणसाकडे आणा.

टप्पा ६: सुई

जागा एकच: मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, पॅन्टच्या बाजूच्या शिवणीच्या किंचित पुढे. दंडात नाही, कमरेत नाही, शिरेत तर कधीच नाही. पातळ पॅन्ट, लेगिंग, साडी यांवरून देता येतं. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या तेवढ्या काढा.

पेन असेल तर:

१. नळीतून बाहेर काढा, पेन मुठीत धरा. अंगठा टोकावर ठेवू नका.
२. वरची सुरक्षेची टोपी ओढा. एपिपेनला ती निळी असते. सुई केशरी टोकातून येते.
३. केशरी टोक मांडीवर काटकोनात जोरात दाबा, 'टक्' आवाज येईपर्यंत.
४. दाबून धरा. किती सेकंद ते तुमच्या पेनावर लिहिलेलं असतं. कुठे ३, कुठे १०. आत्ताच वाचून ठेवा.
५. सरळ बाहेर काढा.

ॲम्प्यूल असेल, आणि तुम्हाला शिकवलं असेल, तरच:

१. लेबल मोठ्याने वाचा. छोट्या कुप्या एकसारख्या दिसतात.
२. मानेवर टिचकी मारून औषध खाली आणा, रुमालात धरून मान आपल्यापासून लांब मोडा.
३. लिहिलेल्या रेघेच्या थोडं पुढे ओढा, हवा काढा, नेमक्या रेघेवर या.
४. सुई काटकोनात पूर्ण आत, औषध सोडा, बाहेर काढा.

मूल लाथा झाडतं. कोणीतरी गुडघा घट्ट धरला पाहिजे, नाहीतर सुई ओरखडा काढते.

*सावधान:* पेन उलटं धरलं तर औषध तुमच्या अंगठ्यात जातं. बोट पांढरं, गार आणि बधिर पडतं. तसं झालं तर दुसरा डोस रुग्णाला द्या आणि स्वतःचं बोटही हॉस्पिटलमध्ये दाखवा.

सरावाला मुदत संपलेलं पेन मोसंबीवर मारून बघा. किती जोर लागतो ते सांगून कळत नाही.

टप्पा ७: १०८, घड्याळ आणि दुसरा डोस

सुई आधी, फोन नंतर. दोघे जण असाल तर एकाच वेळी. १०८ वर 'ॲलर्जी झालीय' म्हणू नका, ते पुरळ उठल्यासारखं ऐकू येतं. 'ॲनाफिलॅक्सिस आहे, श्वास घेता येत नाही, ॲड्रिनॅलिन दिलंय' असं म्हणा, आणि जवळची खूण सांगा. पेठांत वाड्याचं नाव सांगून भागत नाही. एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा.

सुईची वेळ हातावर बॉलपेनने लिहा. पाच मिनिटांत फरक नाही किंवा पुन्हा बिघडलं, तर दुसरा डोस दुसऱ्या मांडीत. श्वास थांबला, हालचाल नाही, तर छाती दाबायला लागा.

रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर गाडीने न्या, पण मागच्या सीटवर आडवं. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते नको.

टप्पा ८: थरथर सुटली, म्हणजे रिॲक्शन आली का?

नाही. छातीत धडधड, हात थरथरणं, चेहरा फिका पडणं, घाम, डोकं दुखणं, मळमळ, विनाकारण घाबरल्यासारखं होणं, हे ॲड्रिनॅलिनचे नेहमीचे परिणाम. बहुतेकांचे दहा-वीस मिनिटांत उतरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'बघ, इंजेक्शनने बिघडला' म्हणत दुसरा डोस अडवणारे काका प्रत्येक घरात असतात.

छातीत दुखणं, फार जोराची डोकेदुखी, ठोके अनियमित होणं हे गंभीर. तेही बहुतेक वेळा डोस जास्त गेला किंवा शिरेत गेला तर. हॉस्पिटलमध्ये लगेच सांगा.

टप्पा ९: बरं वाटलं तरी हॉस्पिटल

औषध उतरलं की लक्षणं पुन्हा येऊ शकतात, कधी काही तासांनी. म्हणून निदान चार-सहा तास देखरेखीखाली. दोन डोस लागले असतील किंवा दमा असेल तर जास्त. संध्याकाळी सोडलं तर रात्री त्या खोलीत कोणीतरी झोपा.

सोबत न्यायचं: वापरलेलं पेन किंवा कुपी, गोळ्यांची यादी, खाल्लेल्या पदार्थाचं पाकीट किंवा निदान फोटो. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत ट्रिप्टेस ही रक्ततपासणी होते का, ते विचारा. पुढे निदानाला तिचा आधार होतो. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी मात्र चार-सहा आठवड्यांनी, आणि तिच्याआधी ॲव्हिल-सेट्रिझिन किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून.

आणि डबी आता रिकामी आहे. बिल भरायला जाल तेव्हाच खालच्या मेडिकलमधून दोन डोस घ्या. घरी पोहोचल्यावर बघू म्हटलं की तो आठवडा तसाच जातो.